निळा ड्रम

नळ आठ दिवसांआड,
म्हणून अमळनेरच्या या गल्लीत
ओट्याओट्याशी निळा ड्रम.
मी पुडी फोडतो. झिपाबाई विचारते,
"यामा काय शे? आमले चालई ना?"

टॉर्च पाण्यावर धरतो.
उलट्या लटकलेल्या अळ्या,
शेपटीने श्वास घेत.

सांगतो : मातीतला जंतू, अंगात खडा बाळगणारा.
आपल्या आंबट पोटात तो मुका.
यांच्या पोटात खार,
तिथे विरघळतो,
आतडं उसवत जातं.

"म्हंजे आमनी कपाशीमा शे, तेच?"
"त्याच्याच भाऊबंदांतलं."

ती हसत नाही.
"गुलाबी अळी शिकनी.
ह्या बी शिकतीन."

दारावर खडूने तारीख लिहितो.
आठवड्याला ड्रम कोरडा करा, म्हणतो.
ती नळाकडे बघते.