वळसा

ओढ्याला नकाशावर नाव नाही.
आम्ही त्याला नान्त म्हणतो,
म्हणजे आमच्या वेल्श भाषेत ओढाच.

पाटीच्या दगडाची जुनी खाण उतरून
तो खाली येतो, पाइपात शिरतो,
आणि नऊ वर्षं झाली, आमचं चाक फिरवतो.
चाकाची वीज सर्वांत आधी
नेरिसच्या भट्टीत जाते,
कारण भट्टी सर्वांत जवळ,
आणि विजेला मानपान कळत नाही.
मग शाळेत. मग प्रार्थनाघरातल्या हीटरला,
जो फक्त रविवारी आणि मयताला लावतात.
चाकापासून भट्टीपर्यंत सहाशे चाळीस पावलं.
पावलं इद्वालची. त्याचा एक पाय आखूड आहे.

आता पत्र आलंय, अकरा पानी.
चौथ्या आणि सातव्या पानावर कोष्टकं.
कोष्टकातली आमची वीज
डोंगर चढते,
उपकेंद्रात नाव नोंदवते,
उंच मनोऱ्यांवरून पार
शहरांच्या बाजूला फिरून येते
आणि मग शिरते नेरिसच्या भट्टीत.
काखेत पाव नि गावाला वळसा,
वर वळशाचं भाडं आमच्याच नावावर.

आधी उलट होतं.
दूरची तार आम्ही झिजवत नाही म्हणून
वर्षाअखेर थोडं परत यायचं.
त्यातून शाळेची बस चालायची.
ते बंद झाल्याचं
तळटीपेत आहे, बारीक अक्षरात.

कंपनीनं गेथिनला पाठवलं.
शेजारच्याच खोऱ्यातला पोरगा, बूट भिजलेले,
चहाला नाही म्हणाला नाही.
म्हणाला, ऑगस्टमध्ये नान्त करंगळीएवढा होतो
तेव्हा तुमचे दिवे कोण लावतं?
तार वापरा, न वापरा,
खांब उभेच असतात. त्यांना रंग लागतो,
त्यांच्याभोवतीची झाडं छाटावी लागतात.
मी खजिनदार. मला बोलता आलं नाही.
ऑगस्टपुरतं त्याचं खरं होतं.
वहीत तसं लिहिलंही: ऑगस्ट, मान्य.

नोव्हेंबरात वादळ झालं.
खोऱ्याबाहेर कुठंतरी एक बीचचं झाड
तारेवर आडवं झालं
आणि आमचं चाक आपोआप थांबलं.
नियमच आहे तसा:
मोठं जाळं निजलं की धाकट्यानंही निजायचं,
नाहीतर खांबावर चढलेला माणूस मरेल.
बरोबरच आहे. माणूस मरू नये.

पण नान्त त्या रात्री जसा वाजत होता
तसा नऊ वर्षांत वाजला नव्हता.
आम्ही मेणबत्त्या लावून बसलो
आणि पाण्याचा आवाज ऐकत राहिलो.
नेरिसची कणीक अंधारात फुगली,
परातीबाहेर आली, बसली.
दोनच्या सुमाराला इद्वाल टॉर्च घेऊन निघाला,
जाळीवरची पानं काढायला.
म्हटलं, अरे, चाक बंद आहे.
म्हणाला, पानं थोडीच बंद आहेत.

चाळीस तासांनी दिवे आले.
डिसेंबरचं बिल आलं तेव्हा
ते दोन दिवस मी मुद्दाम शोधले.
होते. पुरेच्या पुरे,
जागा राखून ठेवल्याबद्दल.
तीनदा बेरीज केली.
तिसऱ्यांदा सात पेन्सचा फरक आला, माझ्याच चुकीनं.

गुरुवारी सभा आहे.
मागची बारा वर्षं घटकाभरात उरकते
तशी ही उरकणार नाही.
नेरिस म्हणते, भट्टीपर्यंत आपलीच वेगळी तार ओढू.
गेथिन म्हणतो, त्याला परवाना लागेल,
आणि परवान्याचं शुल्क वेगळं.
इद्वाल काहीच म्हणत नाही,
त्याचे हात पानांच्या काळपट रसानं रंगलेत,
साबणानं जात नाहीत.

शाळेच्या बसचा रकाना
मी अजून पेन्सिलीतच ठेवलाय.