आपले स्वागत आहे

खडकाचं जुनं नाव वाघोबा.
आता पोरंसोरं त्याला टॉवर म्हणतात,
टॉवर नसताना.
सुरगाण्यापासून चौदा किलोमीटर, पुढे पायवाट,
पायवाट संपली की उजवीकडे वळून
फोन डोक्याच्या वर धरायचा.
दोन काड्या येतात.
त्या काड्या आपल्या नसतात.

पहिला मेसेज नेहमी तोच:
गुजरातमध्ये आपले स्वागत आहे.
घरून निघून मी जेमतेम अर्धा डोंगर चढलेला,
पायात घरातलीच स्लीपर,
आणि कुणीतरी मला पाहुणा म्हणतंय.

मी ग्रामपंचायतीचा ऑपरेटर.
अकरा महिन्यांचं मानधन थकलंय, ते सोडा.
रेशनचं मशीनही इथेच चढवून आणतात,
मागून रांगेनं म्हातारी माणसं.
आवणी करून करून जानीबाईच्या
अंगठ्यावरच्या रेषा गेल्यात.
मशीन म्हणतं, जुळत नाही.
ती अंगठा लुगड्याला पुसते, फुंकर मारते,
पुन्हा ठेवते.
मशीन म्हणतं, ही ती नव्हे.
‘मंग मी कोण रं?’ ती मलाच विचारते.

हेमलता धूमनं व्हिडिओ काढला तो एप्रिलात.
घोषणा नाही, भाषण नाही.
झिऱ्यात उतरलेली तिची आई
वाटीनं पाणी खरवडतेय, एवढंच.
अठ्ठेचाळीस सेकंद
दगडावर स्टीलची वाटी घासल्याचा आवाज.
तो वर चढायला अख्खी रात्र लागली.
ती फोनशेजारी चादर घेऊन बसून राहिली,
आजारी माणसाजवळ बसावं तशी.

तिसऱ्या दिवशी गाड्या आल्या. सहा.
नाल्याअलीकडे थांबल्या, कारण पूल नाही.
साहेब बूट हातात घेऊन आले.
पहिला प्रश्न: कुणी काढला?
दुसरा: तुमच्या मागे कोण आहे?
हेमलताच्या बापानं वळून नीट पाहिलं,
म्हणाला, मागं डोंगर हाये, साहेब.
झिऱ्याकडे कुणी गेलं नाही.
ऊन फार होतं.

मग ग्रामसभा.
पावसाळ्यात इथं भिंतींना बुरशी धरते
आणि होळीला हंडे उपडे.
सगळं पाणी पश्चिमेला उतरून गेलेलं.
पाण्याला कळलं ते आपल्याला कळाया
साठ वर्षं लागली, असं कुणीतरी मागून बोललं
आणि कुणी हसलं नाही.
ठराव मी टाइप केला:
आम्हाला पलीकडच्या राज्यात घालावं.
हात अडखळला, खोटं कशाला सांगू.
एक मेला झेंड्याची दोरी
दरवर्षी मीच बांधतो.

खडकावरून पाठवला.
नाशिकहून फोन आला, तुटत तुटत:
फाइल उघडते, पण नुसते चौकोन दिसतात.
ही कुठली भाषा?
फॉन्टचा घोळ होता.
मराठीच आहे, मी ओरडलो,
मराठीच आहे हो!
तोवर लाइन गेलेली.

पोर्टलवर आमची तक्रार निकाली निघाली आहे,
हिरव्या अक्षरांत.
खडकाला रेलिंग बसलं, पर्यटनाच्या निधीतून,
लोकांनी फोटो काढावेत म्हणून.
जानीबाई त्यावर लुगडं वाळत घालते.
हेमलता सातपूरला पॅकिंगला लागली.
लिहिते, इथं फुल नेटवर्क आहे,
बोलायला कुणी नाही.

काल संध्याकाळी वर गेलो होतो
जन्माच्या तीन नोंदी चढवायला.
दोन गेल्या. एक मूल अजून फिरतंय
त्या गोल चकरीत.
तेवढ्यात पुन्हा तो मेसेज.
काय वाटलं कुणास ठाऊक, मी उत्तर लिहिलं:
आम्ही कुठून आलो नाही. इथलेच आहोत.
पाठवलं.

दीड रुपया कापला गेला.