काकवी

सोमवारी उद्यमनगरात भट्ट्या गार असतात.
म्हणून सोमवार.
पप्पांच्या शेडमध्ये, मोल्डिंगच्या काळ्या वाळूवर
ताडपत्री टाकून आम्ही ॲम्प्लिफायर मांडले,
आणि सुकुमार मगदूमनं सगळ्यात जाड तार
इतकी सैल सोडली
की ती कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी
झोके घ्यायला लागली.

एकूण तीन सूर.
त्यातला तिसरा वाजवायचा का नाही
यावर दीड वर्ष भांडण.

मी रेकॉर्डिंगवाली.
लाल बटण दाबायचं, हेडफोन घालायचे,
आणि पाहुण्यांनी विचारलं, पोरगी काय करते,
तर पप्पा म्हणणार, कॉम्प्युटरचं कायतरी.

यासीन मुजावर एक ठोका देतो
आणि पुढचा आणायला
शिरोली नाक्यापर्यंत चालत जाऊन येतो.
नवख्याला वाटतं, संपलं.
मग येतो.
छताच्या पत्र्यावरची धूळ खाली उतरते,
सरळ नाही,
विचार करत करत.

सात मिनिटं तेच.
नववं मिनिट, तेच.
अकराव्याला माझं डोकं लाइट बिलात जातं,
चौदाव्याला बिल सुटतं,
पंधराव्याला कळत नाही
हे वाजतंय का मी वाजतेय,
का शेडमागं उठून बसलेलं कुत्रं
आम्हा सगळ्यांना वाजवतंय.
सतराव्या मिनिटाला धैर्यशील तोंड उघडतो:
निवू दे.
एवढंच. परत मिटतो.

नाव वडणग्यात ठरलं, त्याच्या मामाच्या गुऱ्हाळावर.
कायलीत रस रटरटत होता, बुडबुडे जड झालेले,
एकेक फुगायचा, फुटायचं विसरायचा.
गुळव्या म्हणाला, आत्ता उतरली तर काकवी,
दम धरला तर गूळ,
लई धरला तर कोळसा.
आम्ही चौघांनी एकमेकांकडं बघितलं.
गूळ व्हायची गडबड नसलेला रस.
उलातन्याची धार तुटेपर्यंत
कुणी बोललं नाही.

दुसऱ्या टेकच्या मध्येच तातोबा कांबरे आत आला,
जर्मनचा डबा विसरला होता रविवारी.
बत्तीस वर्षं फेटलिंगला.
डावा कान पार गेलेला,
उजव्यात म्हणे कायम मोटार चालू असते.
मी हात हलवले, बाहेर, बाहेर.
तो सरळ स्पीकरच्या पेटीजवळ गेला,
तळवा ठेवला,
साच्याची ऊब बघतात तसा,
आधी उलटा, मग सुलटा.
आणि उभा राहिला.
पोरं वाजवत राहिली, थांबणार कशी,
थांबायचा सूरच नव्हता आमच्यात.

तार शेवटची थरथरली, यासीननं झांजेवर हात ठेवला,
तातोबानं पेटीवरचा काढला नाही.
कधीतरी म्हणाला,
"वितळलंय बरोबर.
वतायची गडबड करू नका."
डबा उचलून गेला.

टेकमध्ये त्याच्या डब्याचं झाकण वाजलंय,
एकोणीस मिनिटं बारा सेकंद.
मी ते पुसलं नाही.
सुकुमार म्हणतो, हाच तो तिसरा सूर,
आता भांडण मिटलं.
यासीन म्हणतो, मिटलं कुठं,
झाकण जरा लवकर वाजलं.

साठ कॅसेटी काढल्या.
एक्केचाळीस माझ्या कपाटात आहेत, स्वेटरखाली.
महाद्वार रोडच्या मोबाईलवाल्यानं एक ऐकून विचारलं,
हँग झालंय का?

पप्पांच्या जुन्या ओमनीत अजून टेप आहे.
परवा कास्टिंग पोचवायला जाताना त्यांनी लावली,
मी शेजारी.
किणी टोलपर्यंत एक शब्द नाही.
टोलवर काच खाली केली,
सुट्टे मोजले,
आतल्या पोरानं मान तिरकी करून गाडीत बघितलं.
आवाज मात्र
त्यांनी कमी केला नाही.