सामान जमा

घरात त्याचं नाव कुणी घेत नाही.
कांचन विचारते, सामान घेतलं का?
जसं डबा घेतला का, किल्ल्या घेतल्या का.

नऊ वर्षं झाली.
वासुदेव झोपेला आमोद्याच्या अलीकडे अडवलं,
केळीच्या मालाची रोकड होती, दोन बोटं गेली.
त्याच उन्हाळ्यात मी जळगावला अर्ज टाकला.
झोपे कधी म्हणतो, माझ्याजवळ असतं तर बोटं वाचली असती.
कधी म्हणतो, असतं तर मीच नसतो.
दोन्ही वेळा चहा तो डाव्या हातानं ढवळतो.

लोकांना वाटतं, कमरेला असलं की माणूस छाती काढून चालतो.
उलटं आहे, भो.
चुलतभावानं बांधावर आईवरून शिवी दिली,
मी हात मागे बांधून उभा राहिलो,
मग चार पावलं मागे सरलो.
ज्याच्याजवळ ते आहे
त्यानं प्रत्येक भांडण हरायचं असतं.
गावानं मला भित्रा ठरवलं,
तेही मी शर्टाखाली खोचून घेतलं.

आता माणूस भेटला की आधी हात दिसतात,
चेहरा नंतर.
लग्नात मी भिंतीजवळची खुर्ची धरतो.
समोर भरीत-पुरी, नजर मांडवाच्या दारात.
रात्री वखारीतून निघालो
की वाऱ्यावर केळीची फाटकी पानं
चार-पाच जण चालत असल्यासारखी वाजतात.
चार, की पाच?
मी मोजतो.

परवा आचारसंहिता लागली.
सावद्याच्या ठाण्यात टेबलावर रुमाल अंथरून
तडवी हवालदारानं गोळ्या मोजल्या,
पोरं गोट्या मोजतात तशा, दोन-दोन करून.
एक उरली. एकवीस.
कार्बनची पावती फाडून दिली, म्हणाला,
"झोपा आता निवांत, निकाल लागेपर्यंत."

बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन.
पट्टा एक भोक आत घ्यावा लागला.
चालताना उजवा कोपर तसाच बाहेर काढलेला,
रिकाम्या जागेला धक्का नको म्हणून.

संध्याकाळी पुलापासून एक मोटरसायकल
मागे लागली, पुढे जाईना.
हात कमरेला गेला, तिथून खिशात,
पावतीवर थांबला.
मी गाडी हळू केली नाही, पळवलीही नाही.
फाट्यावर ती वळली.
कुणाची होती, अजून माहीत नाही.

घरी चारुता धावत आली.
ती नेहमी डावीकडूनच बिलगते.
चार वर्षांची होती तेव्हा एकदा, फक्त एकदा,
"इकडून नाही" म्हणालो होतो.
आज म्हटलं, ये, इकडून ये.
नाहीये आज.
ती थबकली. हात अर्धा उचलला,
ओल्या रंगाला बोट लावावं की नको, तसा,
आणि वळसा घालून
डावीकडूनच आली.

आतून भाकरी थापण्याचा आवाज थांबला.
कांचन म्हणाली,
निकाल कोणत्या तारखेला आहे?