चावीवाला

पहाटे चारला उठलो की डोळ्यांपुढं अंधारी.
भिंत धरून थांबतो.
तेवढ्यात मानेत कुणीतरी जागं होतंय,
पायांकडच्या नळ्या आवळतंय,
वरची टाकी भरली की मी निघतो
खांद्यावर टी-चावी टाकून.

उत्तरेश्वर पेठेला साडेचार आटे,
शुक्रवार पेठ मागनं,
न्हाईतर चढावरच्या नळांत नुसती हवा सुसते.
एकाला सोडायचं तर दुसऱ्याचं आवळायचं,
शिव्या दोन्हीकडनं.
तीस वर्षं.

सीपीआरमधल्या बाबरसिस्टर
दंडाला पट्टा फुगवत म्हणाल्या,
"हिंदुराव, एकशे साठ. मीठ सोडा."
खर्डा बिनमिठाचा? मी हसलो.
त्या न्हाई हसल्या.
म्हणाल्या, जेवलं की पोटाकडं जास्त सोडतंय शरीर,
थंडीत कातडीचं कमी करतंय,
मूत्रपिंडं मिठाचा हिशेब ठेवत्यात रात्रभर.
मेंदूचं तेवढं कधी तोडत न्हाई.

म्हणजे आत बी एक चावीवाला.
रजा न्हाई, पेन्शन न्हाई,
आणि मी त्याला कधी चहा पाजला न्हाई.
पाइपा आता कडक झाल्यात,
पंपाला जोर लागतोय.

गोळी गिळली,
मीच सोडलेल्या पाण्यासंगं.
म्हटलं, दोन आटे सैल कर की मर्दा.