सोळा रकाने

बाय्यूच्या कडेनं रस्ता जिथं पाण्यात उतरतो
त्याच्या अलीकडे उलाली दार्दारचं घर,
उंच खांबांवर. एकोणीस पायऱ्या.
मी मोजल्या. माझं कामच ते.
उंटावरून शेळ्या हाकू नयेत म्हणून
पॅरिशच्या कचेरीनं मला दारोदार पाठवलेलं,
गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट,
टॅबलेटात सोळा रकाने.

वय पासष्टच्या वर?
ब्याऐंशी, ती म्हणाली. कोळंबीची जाळी अजून मीच शिवते.
जाळ्यांना रकाना नव्हता.

गाडी?
नाही. बोट विचार ना.
बोटीलाही नव्हता.

इंग्रजी कितपत येतं?
यावर ती फ्रेंचमध्ये हसली.
तिच्या बापाला शाळेत या भाषेपायी
वळ उठेपर्यंत छड्या मिळालेल्या.
वाऱ्याला तीन नावं असलेली ती भाषा
मी 'जेमतेम' या शब्दाखाली भरली
आणि यंत्रानं ती उणे धरली.

एका खोलीत माणसं किती?
आज, की वादळाच्या रात्री?
आज.
आज एक. वादळात चौदा,
शिवाय ओव्हिडचा कुत्रा.
मी 'एक' लिहिलं.

फ्रीजशेजारी खिळ्याला वही टांगलेली,
तेलकट, दोऱ्यानं बांधलेली.
ओव्हिड: उजव्या कानानं ऐकू येत नाही, डावीकडची खिडकी ठोकणे.
क्लोथिल्ड: प्राणवायूचं यंत्र. जनरेटर आधी तिच्याकडे.
ट्रॅपेची पोरं तीन, आई रात्रपाळीला. किल्ली कुंडीखाली.
आल्सिद: येणार नाही म्हणेल. ऐकायचं नाही.
मी म्हटलं, फोटो घेऊ?
ती म्हणाली, यात लोकांच्या किल्ल्या आहेत, बाळ.

महिन्यानं आकडा आला:
शून्य पूर्णांक चौऱ्याण्णव.
नकाशावर आमचा तुकडा पिकल्या वांग्याच्या रंगाचा.
आमचा म्हणते, कारण माझी आईही त्यातच राहायची,
पुलापलीकडे, चाकांवरच्या घरात.
उलालीनं विचारलं, एकाजवळ पोचलो म्हणजे
पास झालो की नापास?

खोटं कशाला बोलू,
त्या आकड्यामुळेच हिवाळ्यात लशीची गाडी आली.
एरवी कोण येतं इथं?
अकरा मैलांवर, शाळेच्या पटांगणात थांबली,
आणि ज्यांना गाडी नव्हती असं मीच लिहिलेलं
ते सगळे बोटीनं गेले,
वहीतल्या क्रमानं.

मग ऑगस्ट.
त्या रात्रीबद्दल मी इथं लिहिणार नाही.
आल्सिद येणार नाही म्हणाला होता.

पाच वर्षांनी पुन्हा मोजणी.
शून्य पूर्णांक एकाहत्तर.
कचेरीत केक कापला. साहेब म्हणाले,
लवचिकता वाढतेय.
नकाशावरचं वांगं फिकुटलं होतं,
जांभळ्याचं झालं होतं गुलाबी.

मी संध्याकाळी थांबून एकेक रकाना उघडला.
चाकांवरची घरं: कमी झाली. पाण्यानं नेली.
वृद्ध: कमी झाले.
एकट्या आईची मुलं: ह्यूस्टनला, मावशीच्या सोफ्यावर.
दाटीवाटी: नाही. दाटायला कोण उरलंय?
इंग्रजी जेमतेम: शून्य.
ती आता गावात भाचीकडे असते, तिसऱ्या मजल्यावर,
आणि लिफ्टमध्ये कुणाशी बोलत नाही.
त्या वस्तीचा आकडा तिच्याएवढा वर सरकला असेल,
दशांशचिन्हानंतर चौथ्या जागी कुठेतरी.

सोळाही रकाने बरोबर होते.
बेरीज दोनदा तपासली.
सोळा आणे खरं म्हणतात ते
याला म्हणायचं का, मला कळेना.

रविवारी उलालीचा फोन आला.
वही सापडली, म्हणाली. भिजलीय, पण वाचता येते.
क्लोथिल्डचा नवा पत्ता घाल.
आल्सिदचं पान फाडू नकोस.
मी विचारलं, कुणासाठी आता?
ती फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली.
माझी फ्रेंच जेमतेम.

परतताना रस्ता संपतो तिथं गाडी थांबवली.
खांब गेलेत. घर गेलं.
पायऱ्या काँक्रीटच्या, म्हणून आहेत.
चढून पाहिल्या.
एकोणीसच.