पूर्ण वर्तमानकाळ

गाडीतळावर, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत
संध्याकाळी साडेसातला भरतो आमचा वर्ग.
शरयू टीचर फळ्यावर बारा चौकोन आखतात,
प्रत्येकात एक काळ.
मला टूलरूमचं कपाट आठवतं,
खणाखणात एकेका मापाचा ड्रिल,
आणि चुकीच्या खणात गेला
की होनराव मास्तरांची अख्ख्या शॉपला ऐकू जाईल अशी बोंब.

टीचर माझ्या धाकटीहून दोनच वर्षांनी मोठ्या.
मला काका म्हणतात, आणि चुका लाल पेनानं मोजतात.
शेजारी लग्न ठरलेली कस्तुरी,
तिला फक्त भविष्यकाळ हवाय.
मागं बेकरीतला इरफान,
त्याचं सगळंच चालू:
आय ॲम नोइंग, आय ॲम वाँटिंग,
आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.
"भाऊ काय चालू-बंद होतात का रे?"
"होतात, मिस."

परवा माझी पाळी.
वाक्य बसमध्येच घोकून ठेवलेलं:
आय हॅव वर्क्ड इन धिस कंपनी
फॉर ट्वेंटी-थ्री इयर्स.
"अजून आहात तिथं?"
नाही. दिवाळीच्या तोंडावर कुलूप लागलं.
"मग हॅव येणार नाही, काका.
हॅव लावलं की गोष्ट आजपर्यंत पोचते.
संपलेल्याला नुसतं वर्क्ड."
आणि खोडलं त्यांनी, पट्टी न घेता सरळ.
हॅव म्हणजे जवळ असणं,
हे पहिल्याच आठवड्यात वहीत लिहून घेतलं होतं.

त्या रात्री झोप येईना.
आमच्यात कुठं एवढी कडक शिस्त?
बायको आतून म्हणते, "आलेच,"
तेव्हा कणीक मळायची असते अजून.
सोलापूर रोडला टेम्पो अंगावर येतो,
आपण ओरडतो, "मेलो!"
आणि पलीकडं जाऊन कटिंग सांगतो.
शेवटच्या दिवशी कार्ड पंच करून
होनराव म्हणाले, "येतो रे."
येतो!
उद्या ज्या गेटला सील लागणार
त्याच्याकडं पाठ करून माणूस येतो म्हणाला.
जातो म्हणायची रीतच नाही आपल्यात.
टीचरना विचारलं, ह्याला इंग्रजीत काय म्हणायचं?
खडू हातात धरून त्या जरा वेळ उभ्या राहिल्या.
"हे आपण पुढच्या आठवड्यात बघू, काका."

यूज्ड टू मात्र मला एका दमात आलं.
साडेसहाचा भोंगा, यूज्ड टू.
हाताला कूलंटचा वास, यूज्ड टू.
"पुढं क्रियापद लागतं," टीचर म्हणाल्या.
हो.
लागतं.

मंगळवारी मगरपट्ट्यात मुलाखत, स्टोअरकीपरची.
काचेचं टेबल, थंडगार खोली,
समोर माझ्या थोरल्याच्या वयाचा साहेब.
टेल मी अबाउट युअरसेल्फ.
बाराच्या बारा चौकोन
कपाट कलंडावं तसे खळ्ळकन खाली आले.
मी म्हणालो, आय हॅव वर्क्ड. ट्वेंटी-थ्री इयर्स.
हॅव जरा जोरातच म्हटलं.
चुकत असेल.
पण हा अंगठा नुसता कडेवरून फिरवला
तरी दोन शतांशाचा फरक सांगतो अजून,
तो कुठल्या चौकोनात घालायचा?

उठताना थँक यू सरच्या मागोमाग
तोंडातून निघून गेलं, "आय कम."
त्यानं मान वर केली.
टेबलावर पाटी होती, नागरे.
म्हणाला, "या."

अजून फोन आलेला नाही.
द कॉल हॅज नॉट कम येट.
हे वाक्य टीचरना दाखवलं.
बरोबर आहे म्हणाल्या.